दुसऱ्या दिवसासाठी सराव

सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला जाणारी ‘एड्स/लाइफसायकल’ ही निधीसंकलनाची सायकलयात्रा २००२ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये थांबली. सात दिवसांत ५४५ मैल, म्हणजे सुमारे ८७७ किलोमीटर, असा तिचा पल्ला. पहिल्या दिवशी ऐंशी मैलांच्या आसपास चालवून सांताक्रूझ गाठलेल्या सायकलस्वारांपुढे दुसऱ्याच सकाळी यात्रेतला सर्वांत लांब, शंभर मैलांहून मोठा टप्पा उभा असे. ताज्या पायांनी एवढे अंतर कापणे वेगळे आणि आदल्या दिवसाचा थकवा अंगात असताना कापणे वेगळे. आपण मात्र सामाजिक कार्यासाठी अनेक दिवसांच्या राइडला निघालेल्या नवख्याची तयारी अजूनही त्याच्या एका सर्वांत लांब राइडवरून जोखतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पूर्ण केली की तो तयार झाला, असे धरून चालतो. ब्रेव्हे ही उत्तम कसोटी आहे, पण तिच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती घेता येते. म्हणून प्रशिक्षकांनी आणि फिजिओथेरपिस्टनी हे मोजमाप बदलावे, असे आमचे मत आहे.

तासन्‌तास पेडल मारल्यावर स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा बराच रिता होतो आणि पुरेशी कर्बोदके घेऊनही तो भरायला साधारण चोवीस तास लागतात. संध्याकाळी मुक्कामी पोहोचून पहाटे निघणाऱ्याला तेवढी सवड नसते. त्यामुळे पहिल्या दिवशी सायकलवर असताना काय खाल्ले, यावर दुसरा दिवस ठरतो. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पचवण्याची सवयही सरावातूनच लागते. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारते, कंडरांना मात्र महिने लागतात. म्हणून दम शाबूत असताना गुडघा दुखू लागतो. सीटवर घासून सोलवटलेली त्वचा आणि हँडलवरच्या दाबाने बधिर झालेली करंगळी एका रात्रीत पूर्ववत होईलच असे नाही. एका दिवसाच्या राइडमध्ये खपून जाणारे हे दोष पाठोपाठच्या दिवसांतच उघडे पडतात.

निधीसाठीच्या राइडमध्ये धोका आणखी वाढतो. एरवी हौशी सायकलस्वार दुखले की थांबतो. पण ज्याने नातेवाइकांकडून आणि सहकाऱ्यांकडून पैसे गोळा केले आहेत, त्याला थांबणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे वाटते. तो दुखणे लपवतो आणि थकलेल्या अवस्थेत गर्दीतून सायकल चालवतो. ही स्पर्धा नाही, सोबत गाडी असते, मग एवढी काटेकोर तयारी कशाला, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच आहे: जो गाडीत बसायलाच तयार नाही, त्याच्यासाठी ती गाडी असून नसल्यासारखी.

पाठोपाठच्या दिवशी सराव दिल्यास नवखे जखमी होतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. घाईने दिला तर तसे होईलही. म्हणून शनिवारी ४० आणि रविवारी ३० किलोमीटर अशा जोडीने सुरुवात करावी, दर तीन-चार आठवड्यांनी भार उतरवावा आणि यात्रेचे पूर्ण अंतर सरावात गाठण्याचा हट्ट धरू नये. नोकरदारांना वेळ नसतो हेही खरे. त्यांनी चार महिने एक आड एक शनिवार-रविवार दिले तरी चालेल. जोडीतल्या रविवारची नोंद प्रशिक्षकाने स्वतः तपासावी: गुडघा, हात, त्वचा, भूक आणि झोप. आयोजकांनी टप्पानिहाय अंतरे नोंदणीच्या वेळीच द्यावीत आणि अर्धवट थांबलेल्याची देणगीही पूर्णच धरली जाईल, हे देणगीदारांना आणि सायकलस्वाराला लेखी कळवावे. तेवढी हमी मिळाली, तर दुखणे वेळीच सांगायला त्याला संकोच वाटणार नाही आणि आपल्यालाही वेळीच उपचार करता येतील.