‘व्हिक्टोरिया’ नेमकी कशामुळे बुडाली?

२२ जून १८९३. भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, आजच्या लेबनॉनमधील त्रिपोली शहरापासून काही मैलांचे अंतर. समुद्र शांत होता, शत्रू कुठेही नव्हता. ब्रिटनचे त्या भागात कोणाशी युद्धही चालू नव्हते. अशा भर दुपारी ब्रिटिश आरमाराच्या भूमध्य ताफ्याची ध्वजनौका ‘व्हिक्टोरिया’ आपल्याच ताफ्यातील ‘कॅम्परडाउन’ या युद्धनौकेच्या धडकेने फुटली आणि सुमारे १३ मिनिटांत तळाला गेली. ३५८ माणसे बुडाली, ३५७ वाचली.

मृतांमध्ये ताफ्याचे सेनापती व्हाइस-अ‍ॅडमिरल सर जॉर्ज ट्रायन हेही होते. म्हणूनच गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या घटनेचे लेखन एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे : एवढ्या बुद्धिमान माणसाने असा वेडा हुकूम दिला तरी का? प्रश्न रंजक आहे, पण तो दुय्यम आहे. ट्रायन यांच्या चुकीने दोन नौका एकमेकींवर आदळल्या. त्यातली एक बुडाली आणि तिच्यासोबत निम्मी माणसे गेली, याची कारणे निराळी आहेत.

आधी तो हुकूम. ताफा दोन समांतर रांगांत चालला होता. एका रांगेत सहा नौका, अग्रभागी ‘व्हिक्टोरिया’. दुसरीत पाच, अग्रभागी रिअर-अ‍ॅडमिरल मार्कहॅम यांची ‘कॅम्परडाउन’. दोन्ही रांगांनी आतल्या बाजूने, म्हणजे एकमेकींच्या दिशेने, वळून पूर्ण उलट मार्गाला लागायचे होते. रांगांमधले अंतर सहा केबल, म्हणजे १२०० यार्ड. या नौकांना वळसा घ्यायला प्रत्येकी सुमारे ८०० यार्ड रुंदीचे पाणी लागे. शाळकरी मुलालाही ही बेरीज जमेल : दोघींना मिळून १६०० यार्ड हवेत आणि हाताशी आहेत १२००.

नौकेवरील अधिकाऱ्यांच्या हे ध्यानात आले होते. अंतर निदान आठ केबल असावे, असे त्यांच्यापैकी एकाने सुचवले आणि ट्रायन यांनी ते मान्यही केले. पण प्रत्यक्षात संदेश गेला सहाचाच. कॅप्टन बोर्क यांनी वळणाच्या वर्तुळाची आठवण करून दिली. उत्तर तेच. एक तर्क असा की ट्रायन यांनी दोन नौकांच्या ऐवजी एकाच नौकेचे वर्तुळ हिशेबात धरले. बाराशेतून आठशे वजा केले की चारशे उरतात, आणि वळणानंतर रांगांमध्ये बरोबर तेवढेच अंतर ठेवण्याचा त्यांचा बेत होता. सिद्ध करता येत नाही, परंतु आकडे जुळतात खरे.

पलीकडे मार्कहॅम यांनी संदेश वाचला आणि ते थबकले. संदेश कळला नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी निशाण अर्ध्यावरच ठेवले. त्यावर साऱ्या ताफ्याच्या देखत ध्वजनौकेवरून विचारणा झाली : कशाची वाट पाहता? मार्कहॅम यांनी निशाण पूर्ण चढवले आणि नौका वळवली. सेनापती आपल्याला बाहेरून वळसा घालून जातील, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

इथला विरोधाभास वाचकाने नीट पाहावा. शब्दशः आज्ञापालनाने मित्रनौकेशी टक्कर होणार असेल तर आधी धोका टाळावा, हुकमाचा हेतू शक्य तर मग साधावा, असे लेखी निर्देश खुद्द ट्रायन यांचेच होते. अधिकाऱ्यांनी संदेशांवर विसंबू नये, स्वतः विचार करावा, यासाठी हा माणूस वर्षानुवर्षे झटत होता. व्यापारी जहाजांसाठीही ही तरतूद १८६३च्या सागरी नियमांत आलेली होती : तात्काळ संकट टाळण्यासाठी नियम मोडावा लागला तर मोडावा. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला दुसरा नियम आजही तेच सांगतो. म्हणजे नियमाची उणीव नव्हती. उणीव होती ती सेनापतीसमोर तो नियम वापरण्याच्या सवयीची. बोर्क यांचेच पाहा. टक्कर समोर दिसत असताना, स्वतःच्या नौकेचा पंखा उलटा फिरवण्यासाठी हा कप्तान शेजारी उभ्या असलेल्या सेनापतीकडे पुन्हा पुन्हा परवानगी मागत राहिला. ती मिळाली तेव्हा उशीर झाला होता.

‘कॅम्परडाउन’च्या नाळेला पाण्याखाली पोलादी सोंड होती, शत्रूच्या नौका फोडण्यासाठी. ती ‘व्हिक्टोरिया’च्या कुशीत सुमारे नऊ फूट घुसली आणि माघारी निघताना भगदाड मोकळे करून गेली.

खरी गोष्ट इथून सुरू होते. नौकेचे पोट जलाभेद्य दारांनी अनेक कप्प्यांत विभागलेले असते, ते नेमके अशाच वेळेसाठी. ती दारे बंद करायला सरावातही काही मिनिटे लागत. हुकूम सुटला टक्करीच्या जेमतेम मिनिटभर आधी. उन्हाळ्याचे दिवस, आत असह्य उकाडा, म्हणून दारे-झरोके उघडे होते. पाणी कप्प्यामागून कप्पा घेत गेले. भगदाडावर जाड कापडी आवरण ओढण्याची धडपड चालली होती, तोवर पुढचा डेकच पाण्याखाली गेला. किनारा गाठण्याच्या आशेने नौका पुढे हाकली, त्यामुळे नाळ अधिकच दबली. मग उघड्या दारांतून आणि तोफांच्या गवाक्षांतून पाणी आत लोटले आणि नौका उलटली. डेकवर खलाशी रांगेत शिस्तीने उभे होते. खाली यंत्रघरातली माणसे जागा सोडून हललीच नाहीत. मदतीला येणाऱ्या होड्या ट्रायन यांनी थोपवून धरल्या होत्या.

दारे व गवाक्षे बंद असती तर ती उलटली नसती, असा निष्कर्ष पुढे नौदलाच्या रचनाकारांनी हिशेब मांडून काढला. शिवाय ‘कॅम्परडाउन’वरही दारे वेळेत बंद झाली नव्हती आणि धडक देणारी ती नौका स्वतःच बुडता बुडता वाचली. दोन वेगवेगळ्या नौकांवर, एकाच दुपारी, तीच चूक घडते तेव्हा ती एका सेनापतीच्या डोक्यातली गफलत राहत नाही.

माल्टा येथील लष्करी न्यायालयाने दोष ट्रायन यांच्याकडे दिला, बोर्क यांना मुक्त केले. मार्कहॅम यांनी शंका बोलून दाखवली नाही याबद्दल खेद व्यक्त केला; पण प्रत्यक्ष हजर सेनापतीची आज्ञा पाळली म्हणून त्यांना दोषी ठरवणे सेवेला घातक होईल, असेही म्हटले. पहिला निर्णय योग्य होता. शेवटचे वाक्य मात्र दुर्दैवी. ट्रायन यांनी जे शिकवण्याचा प्रयत्न केला, त्यावरच या वाक्याने बोळा फिरवला.

तापाने फणफणलेला एक अधिकारी त्या दिवशी अंथरुणातून उठून डेकवर आला आणि पाण्यातून वाचला. नाव जॉन जेलिको. २३ वर्षांनी जटलंडच्या लढाईत ब्रिटनचा सारा ग्रँड फ्लीट त्याच्या हुकमाखाली होता.

‘व्हिक्टोरिया’चे अवशेष २००४ साली सापडले. पुढच्या बाजूला अवजड तोफा होत्या आणि बुडतानाही पंखे फिरतच होते. त्यामुळे ती सरळ खाली झेपावली. नाळ चिखलात खोल रुतलेली, पंखे वरच्या दिशेला, अशी ती समुद्रतळावर आजही उभी आहे.