विश्लेषण : घरचा कॅमेरा मोबाइलवर दिसावा म्हणून राउटरचे दार किती उघडायचे?

आई-वडील साताऱ्यात, मुलगा बंगळूरुत. घराला चार कॅमेरे बसतात, रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली जातो आणि तंत्रज्ञ मोबाइल पुढे करतो, 'बघा, घर दिसतंय ना?' दिसत असते. बिल चुकते होते आणि विषय संपतो. घर मोबाइलवर दिसावे म्हणून राउटरमध्ये नेमके काय बदलले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. अनेकदा तिथे 'पोर्ट फॉरवर्डिंग' केलेले असते. ही तांत्रिक जुळवाजुळव वाटली तरी प्रत्यक्षात तो घराचे एक दार साऱ्या जगासाठी उघडण्याचा निर्णय असतो, आणि तो घरमालकाला न विचारता घेतला जातो.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे नेमके काय?

घरातील फोन, टीव्ही, कॅमेरा, संगणक अशा सगळ्यांना मिळून इंटरनेटवर साधारणपणे एकच पत्ता असतो. आतल्या आत राउटर प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते ते हेच. मोठ्या सोसायटीच्या फाटकावरील रखवालदारासारखे राउटरचे काम चालते. आतून कोणी काही मागवले तर तो नोंद ठेवतो आणि आलेले पार्सल त्याच घरी पाठवतो. न मागवता आलेल्याला मात्र फाटकावरूनच परत पाठवतो.

पोर्ट म्हणजे या फाटकावरच्या खिडक्या. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, विंडोजचा संगणक दुरून चालवण्यासाठी ३३८९, कॅमेऱ्याच्या थेट चित्रासाठी ५५४ हे रूढ क्रमांक. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे रखवालदाराला दिलेला कायमचा हुकूम, 'या खिडकीवर जो कोणी येईल, त्याला थेट तिसऱ्या मजल्यावर पाठव.' या हुकुमातला 'जो कोणी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. राउटर ओळखपत्र मागत नाही. बंगळूरुचा मुलगा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाचा चोर त्याला सारखेच.

ते केले कसे जाते?

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगमध्ये जावे लागते. आधी कॅमेऱ्याच्या डब्याचा आतला पत्ता कायम करावा लागतो, नाही तर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो आणि हुकूम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवू लागतो. मग बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट आणि टीसीपी की यूडीपी, एवढ्या चार गोष्टी भरून सेव्ह करायच्या. घराचा बाहेरचा पत्ताही अधूनमधून बदलत असेल, तर त्याला कायमचे नाव देणारी 'डायनॅमिक डीएनएस' सेवा जोडावी लागते. काम दहा मिनिटांचे. अडचण सुरू होते ती त्यानंतर.

सगळे बरोबर करूनही का चालत नाही?

कारण अनेक घरांना इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नसतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जागतिक पातळीवरचा मोकळ्या पत्त्यांचा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून सेवा कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला 'कॅरिअर ग्रेड नॅट' म्हणतात. रखवालदाराच्याच भाषेत सांगायचे, तर सोसायटीबाहेर संपूर्ण वसाहतीचे आणखी एक फाटक असते आणि तिथला रखवालदार कंपनीचा असतो. घरच्या राउटरला कितीही हुकूम दिले, तरी बाहेरच्या फाटकावर ते कोणी ऐकत नाही.

हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या 'वॅन' रकान्यातील पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील आयपीव्ही४ पत्ता जुळवून पाहावा. ते वेगळे असतील, किंवा राउटरमधील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर संध्याकाळ वाया घालवू नये. पत्ता १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर एक शक्यता आधी तपासावी. कंपनीचा फायबरचा डबा आणि त्यामागे स्वतःचा राउटर असे एकामागे एक दोन राउटर असतील, तर तीच अडचण घरातल्या घरात उभी राहते. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. तिथे पोर्ट पुढे पाठवावा लागत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी करावी लागते. पण वाट मोकळी करण्याचा धोका तिथेही तोच.

उघड्या पोर्टचा धोका खरा की बागुलबुवा?

'आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण इथे चोर घर निवडून येत नाही, तो सगळ्या घरांच्या कड्या वाजवत जातो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन जाहीर केले. एका साध्या संगणकाने आणि वेगवान जोडणीने आयपीव्ही४ चे संपूर्ण इंटरनेट एका पोर्टसाठी ४५ मिनिटांत चाचपता येते, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ पासून सुरू असलेल्या शोडान या शोधयंत्रावर तर इंटरनेटला उघडी असलेली उपकरणे थेट शोधता येतात. त्यामुळे '५५४ ऐवजी भलताच क्रमांक ठेवू, कोणाला कळणार?' हा उपाय दाराची पाटी काढण्याइतकाच उपयोगी आहे.

२०१६ मधील 'मिराई'ने हे जगाला दाखवले. कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी घेऊन हा घातक प्रोग्रॅम इंटरनेटभर फिरला आणि त्याने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. घरमालकांना आपला कॅमेरा लढाईवर गेला होता, याचा पत्ताही नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या घरगुती साठवण यंत्रांतील फाइल कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. तेव्हा कंपनीने ग्राहकांना केलेली तातडीची सूचना अशी होती, की राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा.

आपल्याकडचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीची सीसीटीव्ही दृश्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकली जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील आरोपीही होते. कॅमेऱ्यांचे पासवर्ड अंदाजाने फोडले गेल्याचे तपासात समोर आले. तिथे चोरीला गेली ती बायकांची अब्रू, आणि त्यांच्यापैकी कोणीही तो कॅमेरा बसवला नव्हता. साताऱ्याच्या घरातही कॅमेऱ्यासमोर वावरतात ते आई-वडील, पासवर्ड मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यात असतो.

कोणी हात न लावताही पोर्ट उघडतो का?

हो. बहुतेक घरगुती राउटरमध्ये 'यूपीएनपी' नावाची सोय असते आणि अनेकदा ती आधीपासूनच चालू असते. घरातील कोणतेही उपकरण या सोयीतून राउटरला 'माझ्यासाठी खिडकी उघड' असे परस्पर सांगू शकते, आणि राउटर ते ऐकतो. गेमिंगसाठी ही सोय बरी वाटते, पण स्वस्तातला कॅमेरा तिचा वापर करून घराचा पोर्ट जगाला उघडू शकतो. गरज नसेल तर ती बंद ठेवणेच शहाणपणाचे.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

उत्पादकाच्या अॅपमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून कॅमेरा जोडणे, हा आज सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग. त्यात कॅमेरा स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही. उघड्या पोर्टपेक्षा हे नक्कीच बरे, पण मग भिस्त त्या कंपनीच्या प्रामाणिकपणावर आणि खात्याच्या पासवर्डवर राहते.

त्याहून चांगला मार्ग व्हीपीएनचा. कॅमेरा, संगणक, साठवण यंत्र यांपैकी काहीही बाहेर उघडायचे नाही. आधी मोबाइलने सुरक्षित बोगद्यातून घरच्या जाळ्यात शिरायचे आणि मग घरात बसल्यासारखे सगळे पाहायचे. वायरगार्ड हा मोफत पर्याय २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि काही राउटरमध्येही मिळतो. त्यासाठीही एक पोर्ट उघडावा लागतो, पण योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. दार आहे, हेही बाहेरच्याला कळत नाही. स्वतःचा पत्ता नसलेल्या घरांसाठी वायरगार्डवरच बेतलेली टेलस्केलसारखी सेवा आहे. वैयक्तिक वापराला ती मोफत मिळते आणि एकही पोर्ट न उघडता चालते. त्यासाठी घरात एखादे उपकरण सतत चालू हवे, त्याला जुना लॅपटॉपही पुरतो.

पोर्ट फॉरवर्डिंगला जागाच नाही असे नव्हे. मित्रांसाठी गेमचा सर्व्हर चालवणारा किंवा स्वतःची वेबसाइट घरून देणारा माणूस ते जाणूनबुजून करतो, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवतो आणि काम झाले की पोर्ट बंद करतो. घराच्या कॅमेऱ्याला आणि विंडोजच्या ३३८९ ला मात्र ही वाट कधीच देऊ नये.

जबाबदारी कोणाची?

सगळा भार ग्राहकावर टाकणे सोपे आहे, न्याय्य नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांसाठी एकच ठरावीक पासवर्ड असलेली उपकरणे विकण्यास बंदी घातली. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची अट लागू झाली. ही पावले योग्यच आहेत. पण भिंतीवर आधीच लटकलेल्या जुन्या कॅमेऱ्यांना ती पोहोचत नाहीत आणि बसवणाऱ्याच्या सवयीही त्याने बदलत नाहीत.

म्हणून बदल बिलापासून व्हायला हवा. घरात वायरिंग करणारा कोणती तार कुठून नेली ते सांगतो. तसेच कोणता पोर्ट उघडला, यूपीएनपी चालू आहे की बंद, पासवर्ड कोणाकडे आहे, या तीन ओळी कॅमेरा बसवणाऱ्याने लिहून दिल्या पाहिजेत. सोसायट्यांनी आणि रुग्णालयांनी तर त्या करारातच घालाव्यात. इंटरनेट कंपन्यांनीही जोडणी देतानाच ग्राहकाला स्वतःचा पत्ता मिळणार की सामायिक, हे मराठीत स्पष्ट सांगावे.

तोवर पुढच्या वेळी गावी गेल्यावर अर्धा तास काढता येईल. राउटर उघडून पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पाहावी, ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद पुसावी, यूपीएनपी बंद करावे, आणि राउटर व रेकॉर्डर दोन्हींचे पासवर्ड बदलून ते आई-वडिलांच्या डायरीत लिहून ठेवावेत. यानंतर मोबाइलवर घर दिसेनासे झाले, तर ते आजवर कोणत्या वाटेने दिसत होते याचे उत्तरही मिळेल.