हसणारे आम्हीच पाहिजेत

पुण्यातल्या ऑफिसात नवीन कुणी आलं की माझी ओळख ठरलेली. "हा परभणीचा. बोल ना रे तुमचं ते 'कामून', 'काय करायलास'." मी बोलतो, सगळे हसतात. त्या वाक्यात विनोद नसतोच. विनोद मी असतो.

मराठवाड्याकडे दोनच कॅमेरे वळतात. एक दुष्काळाचा, दुसरा रीलचा. पहिल्याला आमचं रडणं पाहिजे, दुसऱ्याला आमची बोली. आम्ही स्वतः कशावर हसतो, हे दोघंही विचारत नाहीत.

तर ऐका. माझं गाव पोखर्णी, परभणी-परळी रेल्वेमार्गावरचं. एका पावसाळ्यात सोयाबीन पाण्यात गेलं. विम्याचा तेव्हाचा नियम असा होता, की नुकसान 72 तासांत कळवायचं. ॲपला शेतातलाच फोटो पाहिजे आणि शेतात रेंज नाही. वडील बांधावरच्या कडुनिंबावर चढले. वर रेंज आली, पण फोटोत नुसता पाला. खालून आई ओरडली, "लिंबाचा बी विमा काढा म्हणावं!" गुडघाभर चिखलात आम्ही पोट धरून हसलो.

यावर गंभीर लोक म्हणतील, शेतकऱ्याच्या दुःखावर हसता? त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावं. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, नातेवाईक तुटले. तरी वडिलांचं टोकाचं सोवळं, नवऱ्याची लहर, स्वतःची फजिती, सगळं त्या हसत सांगतात. म्हणून त्यांचं दुःख खोटं ठरलं का? मार्जान सत्रापीनं इराणच्या क्रांतीतलं बालपण 2000 मध्ये 'पर्सेपोलिस' या कॉमिकमध्ये आणलं. त्यात तुरुंग आहे, युद्ध आहे, आणि मार्क्ससारखा दिसणारा देवही आहे. दोघींनी हसायची परवानगी कुणाकडं मागितली नाही.

मराठीत रोजच्या घरातला विनोद 1991 पासून 'सकाळ'मधल्या 'चिंटू'तही चित्रांत दिसला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा तो पोरगा मला अजून आवडतो. पण त्याचं घर शहरातलं. तीन चौकटींत आमचं शिवार कोण काढणार? आपणच. चित्रकला येत नाही ही सबब नको. काड्यांची माणसं काढा. मोबाईलवर काढा, वहीच्या मागच्या पानावर काढा. नाहीतर आपली गोष्ट दुसरे सांगतील, आणि त्यात आपण एकतर बिचारे असू नाहीतर येडे.

हसल्यानं विमा मिळाला नाही. पण त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात नुकसानीची राहिली नाही, आईची झाली.

पुढच्या वेळी ऑफिसात कुणी "बोल ना" म्हणालं, की मी हीच गोष्ट सांगणार. आमच्याच बोलीत, अख्खी. मग बघू, कोण कशावर हसायलंय ते.