पुण्याचा फ्लॅट, लंडनचा फ्लॅट आणि स्टँप ड्यूटी



मंडळाच्या कार्यक्रमांना चहाच्या रांगेत हल्ली एकच विषय कानावर येतो. भाडे भरून कंटाळलो, आता लंडनमध्येच दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा म्हणतो! घ्या, जरूर घ्या. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्याला इंग्लंडमध्ये घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. बँका व्हिसा किती उरला ते पाहतात, आणि कायम वास्तव्याची परवानगी नसेल तर काही बँका डिपॉझिट जास्त मागतात. ते सगळे ब्रोकर सांगतोच. आम्ही आज एक वेगळाच प्रश्न विचारणार आहोत. भारतातल्या कोणकोणत्या घराच्या कागदावर तुमचे नाव आहे?

आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. नोकरी लागली की दोन-तीन वर्षांत कर्ज काढून वाकडला नाहीतर डोंबिवलीला फ्लॅट बुक करायचा. आईबाबांनी घर घेतले तर पुढे कटकट नको म्हणून मुलाचे नाव दुसरे लावायचे. मग मुलगा इकडे येतो, आणि तिकडच्या शेअर सर्टिफिकेटवर आपण आहोत हे त्याच्या लक्षातही राहत नाही.

इथला कायदा मात्र ते घर मोजतो. नवे घर घेतल्याच्या दिवसअखेर जगात कुठेही तुमच्या मालकीचे दुसरे राहते घर असेल, आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा अधिक असेल, तर नव्या घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा स्टँप ड्यूटी लागते. हा जादा कर एप्रिल २०१६ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. नवरा-बायको एकत्रच धरले जातात. त्यामुळे पुण्याचा फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर असून लंडनचा एकट्या नवऱ्याने घेतला, तरी सुटका नाही.

आता हिशेब पाहा. समजा, फ्लॅट ४,००,००० पौंडांचा आहे. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे, ज्यांनी जगात कुठेच कधी घर घेतलेले नाही त्यांना स्टँप ड्यूटी ५,००० पौंड. पूर्वी घर होते पण आता काही नाही, त्यांना १०,०००. आणि पुण्याचा फ्लॅट अजून नावावर आहे, त्यांना ३०,०००! एकाच इमारतीतले, एकाच किमतीचे घर. ही रक्कम घराचा ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत भरायची असते आणि ती बहुधा स्वतःच्या शिलकीतूनच काढावी लागते. (हे इंग्लंडचे झाले. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर निराळे आहेत.)

जे अजून दुबईत किंवा पुण्यातच आहेत आणि तिथूनच घर घेऊ पाहतात, त्यांना आणखी २ टक्के. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस या देशात काढलेले नसले की हा वेगळा कर लागतो. तो एप्रिल २०२१ पासून आहे.

मग करायचे काय? तिकडचे घर विकायचेच असेल तर इथल्या खरेदीच्या आधी विकावे. ते घर गेल्या तीन वर्षांत तुमचे स्वतःचे राहते घर होते, म्हणजे तुम्ही नुकतेच इकडे आला असाल, तर ते नंतर तीन वर्षांच्या आत विकूनही जादा कर परत मागता येतो. भाड्याने दिलेल्या गुंतवणुकीच्या फ्लॅटला ही सवलत नाही. वारशाने आलेला निम्मा किंवा कमी हिस्सा पहिली तीन वर्षे धरत नाहीत.

सर्वांत अवघड प्रकरण आईबाबांच्या घराचे. पैसे सगळे बाबांचे, नाव फक्त सोयीसाठी, असे असेल तर गोष्ट वेगळी ठरू शकते. पण ते तुम्ही-आम्ही ठरवायचे नाही. करारनामा आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले त्याचे कागद इथल्या कर-सल्लागाराला दाखवा. नाव काढायचे ठरले तर तिथली नोंदणी, मुद्रांक शुल्क, सोसायटीची कामे हे सगळे आलेच, आणि त्याला महिने लागतात. त्याहून जड जाते ते फोनवर बाबांना "माझं नाव काढा" म्हणणे. मुलाने तिकडचा संबंध तोडला, असा अर्थ म्हाताऱ्या माणसांनी घेतला तर नवल नाही. तेव्हा आकडे घेऊन, शांतपणे, शक्यतो समोर बसून बोलावे. सुट्टीत जाल तेव्हा हे काम घेऊन जा.

"तिकडचं इथे कुणाला कळतंय?" असा सल्ला देणारेही रांगेत भेटतात. आम्हाला तो मुळीच मान्य नाही. फॉर्मवरचे म्हणणे तुमच्या नावाने जाते, खोटे निघाले तर दंड तुम्हालाच, आणि त्या फ्लॅटचे भाडे तुम्ही इथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवत असाल तर ते त्यांना आधीच कळलेले आहे.

पैशाचेही कागद लागतात. बाबा मदत करणार असतील तर सॉलिसिटर त्यांचीही बँक स्टेटमेंट्स मागतो, शिवाय ही भेट आहे, कर्ज नाही, असे लेखी लागते. बाबांना राग येतो, पण हे सर्वांनाच विचारतात. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात.

फ्लॅटबद्दल थोडक्यात. लंडनचे बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. लीजची ८० पेक्षा कमी वर्षे उरली असतील तर सावध राहा. सर्व्हिस चार्जचे मागच्या तीन वर्षांचे आकडे मागा. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाहेरच्या आवरणाचा दाखला बँका मागतात, तो आहे का ते ऑफर देण्याआधीच विचारा. आणि इथे आपल्यासारखा बयाणा नसतो. ऑफर स्वीकारली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतो, म्हणून तोवर भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका.

लीज वाढवण्याविषयी पुढच्या अंकी.