आधी उच्चार, मग गोडवा

कॉम्प्युटरचा आवाज सुधारायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच येतं: तो माणसासारखा वाटला पाहिजे. मला हे अर्धंच पटतं. निदान मराठीपुरतं तरी आपलं दुखणं वेगळं आहे.

विंडोज एक्सपीमधला (२००१) 'सॅम' आठवतोय? अगदी रोबो! पुढे २०१६ मध्ये डीपमाइंडचं वेव्हनेट आलं, न्यूरल नेटवर्क थेट ध्वनिलहरी तयार करायला लागलं आणि यंत्राचा आवाज खरंच माणसाळला. छानच झालं. पण आवाजाच्या आधी एक पायरी असते: लिहिलेल्याचा उच्चार ठरवणं. मराठीची गाडी अडते ती तिथे.

बघा ना, 'जग सुंदर आहे' आणि 'तू मजेत जग' यातले दोन्ही 'ज' वेगळे. 'चार माणसं' आणि 'गुरांचा चारा' यातले 'च' वेगळे. 'सरबत' लिहितो, म्हणतो 'सर्बत्'. 'संसार'मधला अनुस्वार हिंदीसारखा 'न्' करून चालत नाही. ५९ म्हणजे 'एकोणसाठ', आणि १.५ किलो म्हणजे सरळ 'दीड किलो'. या चुका कितीही गोड आवाजात केल्या तरी चुकाच!

"कळतंय ना, मग झालं" असं म्हणणारे डोळ्यांनी वाचणारे असतात. ज्यांना दिसत नाही, त्यांचं सगळं वाचन कानांनी चालतं. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत ईस्पीक एनजी येतो. आवाज चक्क यांत्रिक, तरी अनेकांना तोच आवडतो. कारण प्रचंड वेगातही तो स्पष्ट राहतो आणि कळ दाबताच बोलतो. पण त्या वेगात एक उच्चार चुकला की मागे जाऊन अक्षर न् अक्षर ऐकायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री हे किती वेळा करणार?

ईस्पीक एनजी ओपन सोर्स आहे. त्याचे मराठीचे नियम आणि शब्दयादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. 'जग'सारख्या शब्दांना संदर्भ लागतो, ते काम अवघड, मान्य. पण एकेकटे शब्द आणि आकडे तपासायला ना महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं, ना प्रयोगशाळा. मराठी कान लागतो. तो परदेशातल्या प्रोग्रामरकडे कुठून येणार?

तेव्हा मंडळी, एक शनिवार काढा. हेडफोन लावा, मराठी बातमी ऐका, खटकलेले शब्द लिहून कळवा. गोडव्याचं नंतर बघू.