जागा पक्की करण्याची घाई



बारावीचा निकाल लागायचा असतो, कधी परीक्षाही व्हायची असते, तोच खासगी विद्यापीठांचे फोन घरोघरी सुरू होतात. आत्ता पैसे भरा, सवलत मिळेल. नंतर जागा राहणार नाही. लिंबायत, उधना, डिंडोली भागातील आपले पालक एवढ्यानेच धास्तावतात आणि सोने तारण ठेवायला निघतात. म्हणून या विषयावर आज स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते.

लवकर अर्ज करणे वेगळे आणि लवकर पैसे भरणे वेगळे. अर्ज जरूर लवकर करावा. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांसाठी २०२४ पासून जीकास हे एकच सामायिक पोर्टल आहे आणि आपले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठही त्यात येते. बी.कॉम., बी.एस्सी., बी.ए. करणाऱ्या मुलाने हा अर्ज भरल्याशिवाय दुसरीकडे पैसे गुंतवू नयेत.

पैसे भरायचेच असतील तर आधी हिशेब मांडावा. समजा, ५० हजार रुपये १२ टक्के व्याजाने सोन्यावर घेतले. तीन महिन्यांचे व्याज १,५०० रुपये झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते. फार तर ५ टक्के, तेही ५ हजारांच्या आत, कापता येतात. म्हणजे आणखी २,५०० रुपये. एकूण ४ हजार. हवा तो अभ्यासक्रम तिथेच असेल आणि गुणांची खात्री नसेल, तर ही रक्कम जास्त नव्हे. मात्र त्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच परत मिळत नाही. मग ५० हजार बुडाले आणि तारण सोडवायचे ते वेगळेच.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: प्रवेशाची शेवटची तारीख, परताव्याचे नियम आणि संपूर्ण अभ्यासक्रमाची फी. मूळ दाखले कोणाकडेही ठेवू नयेत. पडताळणी करून ते लगेच परत द्यावेत, असे हाच नियम सांगतो.

पुण्या-नागपूरकडे डोळे लावून बसलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. एनआयटीत निम्म्या जागा राज्यातल्या मुलांच्या आणि राज्य ठरते ते बारावी कुठून केली त्यावरून. सुरतेत बारावी केलेला आपला मुलगा नागपूरच्या एनआयटीत परराज्यातला, पण सुरतच्या एसव्हीएनआयटीत घरचा. मराठी आडनाव तिथे कामास येत नाही. पिढ्यानपिढ्या इथे राहून कर भरतो, तर इथल्या हक्काच्या जागा आधी पाहाव्यात.

आता मागणीचे बोलू. महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, पण शाळेबाहेर पडलेल्या मुलाच्या आई-वडिलांना प्रवेशाचे नियम मराठीत कोण समजावणार? प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक झोन कार्यालयात मराठी जाणणारा माणूस बसवून मदत केंद्र चालवावे. परताव्याचे नियम विद्यापीठांनी प्रवेश अर्जावरच ठळक छापावेत. मतांसाठी दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, पक्ष कोणताही असो, या दोन गोष्टी विचाराव्यात. हळदीकुंकवाला आणि गणेशोत्सवाला हजेरी लावणे सोपे. मुलांच्या फीचा प्रश्न सभागृहात मांडणारा आपल्याला हवा.

तोवर आपल्यातील शिकलेल्यांनी सुट्टीचे दोन तास द्यावेत. शेजारच्या मुलाचा अर्ज भरून द्यावा आणि त्याच्या वडिलांनी सही करण्यापूर्वी कागद एकदा वाचून दाखवावा. एखाद्या घरचे मंगळसूत्र तेवढ्यानेही तारण जाण्यापासून वाचेल.