मोरीतला वाळा

पाऊस लागला की अलिबागकडच्या घराघरांत एक प्रकार हमखास घडतो. मोरीतून किंवा कुंडीखालून गांडुळाएवढा काळा, चकचकीत साप बाहेर येतो. आरडाओरडा होतो. कुणी चप्पल उचलते, कुणी मीठ टाकते, आणि "नागाचे पिल्लू मारले" म्हणून आळीभर बातमी होते. वाचकहो, मेलेला तो बहुधा वाळा असतो.

वाळा हा जवळजवळ आंधळा साप. डोळ्यांच्या जागी खवल्यांखाली दोन बारीक ठिपके; त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. लांबी जेमतेम वीतभर. त्याला विष नाही. शेपटीचे टोक टोचले तरी तो दंश नव्हे. तो कानात शिरतो, ही ऐकीव भीती. मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या हे त्याचे अन्न. जमिनीत पाणी भरले की तो वर येतो, एवढेच.

शास्त्रज्ञांनी २०१४ साली त्याला 'इंडोटिफ्लॉप्स' या नव्या प्रजातीत घातले. तिच्या वीसहून अधिक जाती भारत, श्रीलंका ते आग्नेय आशियापर्यंत राहतात. पण आपला वाळा कुंड्यांच्या मातीतून आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, थेट हवाई बेटांपर्यंत पोचला. त्याचे कारण नवलाचे आहे. या जातीत सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी फळतात. एक मादी पोचली की वस्ती झाली! त्याचा मोठा भाऊबंद चंचुवाळा दोन फुटांपर्यंत वाढतो. तो वेगळ्या प्रजातीचा, आणि भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही.

मात्र एक बजावून सांगतो. मण्यारीचे पिल्लूही काळे आणि बारीकच असते. त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. वाळ्यावर पट्टे नसतात, आणि त्याचे डोके-शेपूट सारखेच जाड दिसते. खात्री नसेल तर कुठल्याच सापाला हात लावू नका. मुलांना दूर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही. दंशाचा संशय आला तरी मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात तडक न्या. विषावर इंजेक्शन हाच उपाय आहे.

आणि वाळाच असेल, तर सुपलीत लोटून परसातल्या ओल्या मातीत सोडा. वाळवी खाणाऱ्याला मारून आपल्याच दाराच्या चौकटीचे नुकसान कशाला?